पान दोनपैकी एक

१२ जून

प्रिय अक्का,

तीनदा फोन केला. तिन्ही वेळा वाजून वाजून बंद पडला. तुझी लेक होती तोवर ती तरी उचलायची. ती नोकरीसाठी बाहेर पडल्यापासून तुझा फोन म्हणजे खोलीतलं शोभेचं सामान झालाय. शेवटी कागद घेतला, आणि खरं सांगायचं तर बरं वाटतंय. सुट्टी संपवून मी मामाच्या घरून परतले की आठवड्याच्या आत तुझं पत्र यायचं, चुकांनी भरलेलं. मी ते लाल शाईने दुरुस्त करून तुलाच परत पाठवायची. दोन वर्षांनी धाकटी असून. मास्तरीण हे नाव मला तिथूनच चिकटलं.

बातमी अशी की मुख्य कचेरीतला नियमपालन विभाग आता माझ्याकडे आलाय. कामगार कायद्यातलं काय काय कंपनी पाळते आणि काय पाळल्यासारखं दाखवते, ते बघायचं. यातला दुसरा अर्धा भाग माझा नाही, आमच्या वकीलसाहेबांचा विनोद आहे. मी हसले नाही. हसायला हवं होतं का, यावर डायरीचं अर्धं पान गेलं.

सप्टेंबरात कामगार निरीक्षक येणार आहेत. यादीत पहिला तुमचा खिळ्यांचा कारखाना. आवाजाच्या जागी काम करणाऱ्यांचे कान दर वर्षी तपासायचे असा नियम आहे. तुमच्याकडचे कागद मी दोनदा वाचले. चाळीस यंत्रं दिवसभर खिळे पाडतायत आणि आठ वर्षांत एकाही माणसाचा कान कमी झालेला नाही. सगळ्यांचे कान हरणाचे. मला ते पचेना.

तू आठ वर्षं नवव्या यंत्रावर आहेस, मीच तुला तिथे चिकटवलं. तपासणी खरोखर कशी होते ते लिही. नावं कुणाची नकोत. आणि पानांवर आकडे घाल, ‘दोनपैकी एक’, ‘दोनपैकी दोन’ असे. पान गळलं तर कळतं. हसू नकोस.

तुझी
मास्तरीण

———

२० जून

मास्तरीणबाई,

हसले. पण आकडा घातलाय, हा बघ. पान एकपैकी एक.

फोनचं म्हणशील तर इथे रेंज धड नसते. शिवाय फोनवर तू भाषण देतेस आणि ते हवेत जातं. पत्र कसं, दोनदा वाचता येतं. तेव्हा पत्रच लिहीत जा.

आता तपासणी. दवाखान्याच्या खोलीत एक काचेची पेटी आहे, टेलिफोन बूथसारखी. आत बसायचं, कानाला ते लावायचं, आणि आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. बाहेर समोरच नर्सबाई यंत्र घेऊन बसते. बाई स्वभावाने सोनं आहे. आवाज सोडला की तिची डावी भुवई अशी उडते, जसा तिलाच कुणी चिमटा काढलाय. आमच्यात एक बाई आहे, तिला दोन वर्षांत त्या पेटीत एकही आवाज आलेला नाही. ती भुवई बघते आणि बटण दाबते. पैकीच्या पैकी. एकदा नर्सबाईला शिंक आली तर हिने शिंकेलाही बटण दाबलं. हसून हसून आमची पोटं दुखली.

कानावर घालायच्या टोप्या दर जानेवारीत मिळतात. सही करायची, टोपी घ्यायची आणि मुकादमाच्या कपाटात परत ठेवायची. टोपी घातली की यंत्र अडकल्याचं कळत नाही म्हणतो, आणि यंत्र अडकलं की माल वाया. आठ वर्षांत माझ्या आठ सह्या आहेत. टोपी एकदाच घातली, भिंतीवरच्या फोटोसाठी. फोटोत मी बरी दिसते.

गंमत म्हणून लिहिलंय. लाल शाई काढू नकोस.

अक्का

———

३ जुलै

प्रिय अक्का,

तुझ्या पत्राने मला जे दिलं ते सहा महिन्यांच्या कागदांनी दिलं नसतं. भुवई. मी खुर्चीत बसल्या बसल्या टाळी वाजवली, शिपाई धावत आला.

तुझं किंवा कुणाचंच नाव न घेता मी परिपत्रक काढलंय. पेटीतली खुर्ची यापुढे भिंतीकडे तोंड करून राहील. काचेला आतून पडदा. आवाजांमधलं अंतर यंत्र स्वतः ठरवेल. जुलैअखेर सगळ्यांची फेरतपासणी. मोठे साहेब म्हणाले, इतकं खोलात कुणी गेलं नव्हतं. मला आनंद झाला आणि लगेच लाजही वाटली, कारण आनंद त्या बाईच्या कानांसाठी होता की साहेबांच्या शब्दासाठी, हे मला सांगता येईना. डायरीत दोन्ही लिहून ठेवलंय.

त्या बाईला सांग, घाबरू नको म्हणावं. कान कमी झालेल्या माणसाला शांत जागी काम द्यायचं, ही मालकाची जबाबदारी आहे. कायदा तिच्या बाजूने आहे, फक्त खरं बाहेर आलं पाहिजे.

टोप्यांचं बघितलं. रजिस्टरमध्ये सगळ्यांच्या सह्या आहेत, तुझ्याही आठ. सह्या असताना टोप्या दिल्याच नाहीत असं मला लिहिता येत नाही. पण मनात ठेवलंय.

लेकीचं पत्र येतं का?

मास्तरीण

———

९ ऑगस्ट

अक्का,

महिना झाला, तुझं उत्तर नाही. आज फेरतपासणीचे निकाल टेबलावर आले. सात नावं आहेत. सातवं तुझं. दोन्ही कान. डावा पूर्ण गेलेला, उजवा जवळजवळ.

मी तो कागद उपडा ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. म्हणजे ती बाई तू होतीस. फोन न उचलणं, रेंज नसणं, पत्रच लिहीत जा म्हणणं, सगळं आता एका रांगेत उभं राहिलं. आणि मी टाळी वाजवली होती.

तू मला सरळ का नाही सांगितलंस? परिपत्रक मग मी काढलं नसतं, असं लिहिणार होते. पण तेही खरं नाही. कदाचित तरीही काढलं असतं. मला खरंच माहीत नाही.

आता मला सगळं नीट सांग. कधीपासून, कसं, कुठला कान आधी. काही लपवू नकोस. हे मी बहीण म्हणून विचारतेय, कचेरीतली बाई म्हणून नाही. नीट माहिती असेल तरच मला तुझ्यासाठी भांडता येईल.

मास्तरीण

———

१७ ऑगस्ट

पान दोनपैकी एक

मास्तरीणबाई,

बहीण म्हणून विचारलंस म्हणून लिहिते.

डावा कान मी घरून आणलाय. तुला माहीतच आहे. सात वर्षांची होते, कान फुटला, महिनाभर वाहत होता आणि मग मिटला तो मिटलाच. कामाला लागले तेव्हाही तो तसाच होता. कंपनीच्या अर्जावर ‘कानाची तक्रार आहे का’ या रकान्यात ‘नाही’ लिहिलंय, ते खोटं आहे. खाली सही माझी आहे.

तपासणीत मी आठही वर्षं फसवलं. आधी डाव्या कानापुरतं, मागची दोन वर्षं दोन्ही कानांचं. नर्सबाईचा यात काडीचा दोष नाही. तिला तिची भुवई उडते हेसुद्धा ठाऊक नाही. तिच्यावर काही येऊ देऊ नकोस.

पान दोनपैकी दोन

आता उजव्या कानाचं. तो धडधाकट होता. डाव्याचं काम तोच करायचा. तो इथे गेला, नवव्या यंत्रावर, टोपी कपाटात असताना. पहिली दोन वर्षं घरी गेल्यावर कानात शिट्टी वाजायची. मग शिट्टी राहिली आणि बाकीचं जायला लागलं. मुकादमाला दोनदा सांगितलं. म्हणाला, ‘बाई, इथं ऐकायला येता की खिळे पाडायला?’ तेव्हापासून मी माणसांच्या ओठांवरून समजून घेते. त्यात या वर्षी त्याने मिशी ठेवली. आता तो काय बोलतो ते देवालाच ठाऊक, मी आपली मान हलवते. एकदा रजा मंजूर केली म्हणाला असं वाटून घरी राहिले, तर खाडा लागला.

आणि तो अर्ज तू भरलास. आठवतं ना? तुमच्या स्वयंपाकघरात, पोळपाट बाजूला सारून. मी म्हटलं, कानाचं लिही. तू म्हणालीस, ‘लिहिलं तर घेणार नाहीत. मी भरते, तू फक्त सही कर.’ त्याबद्दल मी तुझे उपकारच मानले. आजही मानते. पोरीचं शिक्षण त्या सहीवर झालं.

भुवईचं तुला का लिहिलं, विचारशील. मला वाटलं तू ओळखशील आणि गप्प बसशील.

मला दुसरं काही नको. शांत जागी काम मिळालं तर करीन, नाहीतर आहे तिथे करीन. दोन वर्षं बहिरी असून माझ्या यंत्राचा माल कधी वाया गेला नाही. अडकलं की हाताला कळतं. एवढं बघ की खोली सुटू नये. कंपनीची खोली आहे, नोकरी गेली की ती गेली, आणि मला दुसरीकडे कुठे दार नाही.

अक्का

———

१ सप्टेंबर

प्रिय अक्का,

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

काय झालं ते क्रमाने लिहिते. मोठ्या साहेबांनी मला बोलावून विचारलं, ‘सातवं नाव तुमच्या नात्यातलं आहे म्हणे. तुम्हाला कधी कळलं?’ मी खोटं बोलू शकले नाही. माझ्या पदाचा नियमच असा आहे की मला जे कळलं ते कंपनीला कळलं असं धरतात. कळून गप्प राहणं म्हणजे कंपनीनेच लपवणं. म्हणून तुझं पत्र आलंय हे मी सांगितलं.

शांत विभागात सहा जागा निघाल्या. सात माणसं. वकीलसाहेब म्हणाले की सहाजणांचे कान इथे गेलेत, तुझ्या बाबतीत मात्र आधीपासूनची तक्रार आहे आणि अर्जात खोटी माहिती आहे. शिवाय तू माझी मामेबहीण. तुला जागा दिली तर उद्या सगळे म्हणतील मास्तरणीने आपल्या माणसाची सोय लावली. तू परकी असतीस तर मी तुझ्यासाठी टेबलावर हात आपटला असता, हे मी अगदी प्रामाणिकपणे लिहिते. नातं आहे म्हणूनच मला माघार घ्यावी लागली.

पत्राचं पहिलं पान मी फाइलला लावलंय. त्यात तूच कबूल केलंयस, नर्सबाईलाही वाचवलंयस, आणि त्यावरून तुझा चांगला स्वभाव दिसेल असं मला वाटतं. दुसरं पान लावलं नाही. मुकादमाविरुद्ध पुरावा नाही, टोप्यांच्या सह्या तुझ्याच आहेत, आणि बाकीचा मजकूर घरगुती आहे. तो चारचौघांत वाचला गेला तर तुलाच अवघडल्यासारखं होईल. पहिल्या पानावरचा ‘दोनपैकी एक’ हा आकडा खोडावा का, असं वकीलसाहेबांनी विचारलं. मी साफ नाही म्हटलं. दुसऱ्याच्या पत्रात खाडाखोड करणं मला कधीच जमणार नाही.

दहा तारखेला चौकशी आहे. अकरा वाजता, कारखान्याच्या कचेरीत. मीही असेन. घाबरू नकोस.

मास्तरीण

———

१६ सप्टेंबर

प्रिय अक्का,

चौकशीत तू फार शांत बसलीस. मला अभिमान वाटला. वर बघवत नव्हतं, म्हणून मी सगळा वेळ कागदात बघत होते.

निर्णय तुला टपालाने मिळाला असेल. खोटी माहिती देऊन नोकरी मिळवल्याबद्दल सेवा समाप्त. खोली रिकामी करायला ३१ ऑक्टोबरपर्यंत मुदत. साहेब पंधरा दिवस देत होते, मी महिनाभर वाढवून घेतली. मला एवढंच करता आलं.

एक छोटं काम आहे. आरोपपत्र तुला वाचून दाखवलं आणि ‘ऐकलं, समजलं’ यावर तू सही केलीस. आता वकीलसाहेबांच्या लक्षात आलं की जिला ऐकू येत नाही असं आपणच म्हणतोय, तिला वाचून दाखवलं हे टिकणार नाही. लेखी प्रत आधी द्यायला हवी होती. ती प्रत सोबत पाठवतेय, आणि पोचपावतीही. पावतीवर ३ सप्टेंबर ही तारीख मी घातलीय. तू फक्त सही कर आणि परत पाठव. २५ तारखेला निरीक्षक येतायत, त्याआधी फाइल पुरी हवी.

हे तुला लिहिताना माझा हात अडखळला, हे नमूद करते.

मास्तरीण

———

२७ सप्टेंबर

पान तीनपैकी एक

मास्तरीणबाई,

पावती मिळाली. सही केली नाही. ती आता निरीक्षकांकडे आहे, तुझ्या हातच्या तारखेसकट.

परवा ते आले. दारातच त्यांना कागद दाखवला, ‘मला ऐकू येत नाही, लिहून बोला.’ भला माणूस. खुर्ची ओढून समोर बसला आणि लिहायला लागला. अक्षर तुझ्यासारखं वळणदार नाही, पण जे विचारायचं ते विचारतो. आठ वर्षांत या कारखान्यात मला कुणी समोर बसून काही विचारलं, ते पहिल्यांदाच.

त्यांच्याकडे तुझी फाइल होती. त्यातलं माझं पत्र त्यांनी काढलं आणि वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मग लिहिलं, ‘दुसरं पान कुठे आहे?’

पान तीनपैकी दोन

माझ्याकडे आहे, असं मी लिहिलं. खरंच होतं. तुला पाठवायचं पत्र मी आधी वहीत लिहिते, मग चांगल्या अक्षरात उतरवते. चुका असल्या की तू लाल शाई काढतेस, लहानपणापासूनची धास्ती आहे ती. वही दिली. मग तुझी पत्रं मागितली, तीही दिली. १२ जूनपासून १६ सप्टेंबरपर्यंत, पाच. सगळी तुझ्या अक्षरात, सगळ्यांवर तारखा. त्यांनी त्याच खुर्चीत बसून वाचली. टोप्यांच्या परिच्छेदापाशी थांबले, मुकादमाचं कपाट उघडायला लावलं. कोऱ्या टोप्या, पिशव्यासुद्धा फोडलेल्या नाहीत. मुकादमाची मिशी थरथरताना पाहिली. काय म्हणाला ते कळलं नाही.

तुझा राग आलाय का, असं तू विचारणार नाहीस. स्वतःलाच विचारशील, आणि उत्तर डायरीत लिहून मोकळी होशील. म्हणून मी सांगून टाकते. परिपत्रकाचा राग आला नाही. तुला ठाऊक नव्हतं. अर्जाचा नाही. पहिलं पान लावून दुसरं ठेवलंस, त्याचाही मी दोन दिवस विचार केला आणि म्हटलं, पोटासाठी माणूस करतं.

पान तीनपैकी तीन

चौकशीच्या दिवशी मी आत आले तेव्हा तू खुर्च्या मांडत होतीस. टेबलाच्या पलीकडे साहेब आणि वकील, अलीकडे मी. तू माझी खुर्ची भिंतीच्या बाजूला सारलीस आणि तुझी तिच्या डाव्या अंगाला लावलीस.

सुट्टीत आमच्या घरी आपण गच्चीवर झोपायचो, देवळाच्या पायरीवर बसायचो, माझ्या आईच्या मागे चालायचो. तू कधी माझ्या डाव्या अंगाला आली नाहीस. कुणी तिथे बसायला लागलं तर त्याला उठवायचीस. ‘अक्काची ती बाजू बंद आहे,’ असं सगळ्यांना सांगायचीस, तुझ्या पाचव्या वर्षापासून. तो अर्ज भरतानासुद्धा उठून पलीकडे येऊन बसली होतीस, उजवीकडे.

त्या दिवशी डावीकडे बसलीस. आरोपपत्र तूच वाचलंस, मान खाली घालून, कागद तोंडासमोर धरून. ओठ दिसू नयेत इतका वर. समोर वकील मान हलवत होते, तेव्हा मीही हलवली. मग तू कागद सरकवलास आणि बोटाने जागा दाखवलीस. मी सही केली.

हेही निरीक्षकांना लिहून दिलंय. त्यांनी विचारलं, याला पुरावा काय? मी लिहिलं, नाही. फक्त तिला माहीत आहे.

हे पत्र मिळाल्याची पोच पाठव. खरी तारीख घालून.

अक्का

———

६ ऑक्टोबर

कामगार क्रमांक ३१४ यांस,

आपलं २७ सप्टेंबरचं पत्र, पानं तीन, आज ६ ऑक्टोबर रोजी मिळालं.

ही पोच फक्त पत्र मिळाल्याची आहे. त्यातला मजकूर, विशेषतः पान तीनपैकी तीनवरचा, मान्य आहे असा तिचा अर्थ घेऊ नये. चौकशीच्या खोलीत कोण कुठे बसलं होतं याची नोंद ठेवण्याचा नियम नाही आणि तशी नोंद ठेवलेली नाही.

निरीक्षक कार्यालयाकडून आलेल्या नोटिशीला कंपनी वेगळं उत्तर देईल. खोली रिकामी करण्याची तारीख त्यामुळे बदलत नाही.

माझ्याकडून नियमपालन विभागाचं काम आज काढून घेण्यात आलं आहे. यापुढचा पत्रव्यवहार वकीलसाहेबांच्या नावे करावा. मला वैयक्तिक पत्र पाठवू नये. आलं तर ते मला त्यांच्याकडे द्यावं लागेल.

पान एकपैकी एक.